पूर्ण नाव

लेबलाचा नमुना फोनवर आला तेव्हा दर्शना पुरण वाटत होती. पुरणयंत्राची मूठ फिरवता फिरवता तिनं ओट्याच्या कडेला टेकवून ठेवलेल्या फोनकडे पाहिलं आणि हात थांबला. वर हिरवा ठिपका, मग ‘पुरणपोळी’, साहित्य, वजन, तारखेसाठी मोकळी जागा, चौदा आकडी नोंदणी क्रमांक, आणि खाली, तिला वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ मोठ्या अक्षरांत, ‘बनवणार : दर्शना अनिरुद्ध ओव्हाळ’, त्याखाली पत्ता. छपाईवाल्यानं लिहिलं होतं, ‘मॅडम ओके आहे का? आज टाकलं तर परवा मिळेल.’ कुणी काही बोललं नव्हतं, दारात कुणी आलं नव्हतं, गॅसवर कटाची आमटी नेहमीसारखी उकळत होती. तरी तिनं आधी जाऊन दाराची कडी लावलेली आहे का ते पाहिलं. परत आल्यावर तिनं पुन्हा नाव वाचलं. शाळेच्या दाखल्यावर, रेशनकार्डावर, बँकेत, मतदार यादीत हे नाव तिनं शेकडो वेळा पाहिलं होतं, पण ते कपाटात असायचं, पिशवीत असायचं. हे लोकांच्या ताटाशेजारी जाणार होतं. बोटं ओढणीला पुसून तिनं लिहिलं, ‘नाव थोडं लहान करता येईल का?’ लगेच उत्तर आलं, ‘वाचता आलं पाहिजे ना मॅडम. टॉवरच्या कमिटीचा नियम आहे, सगळ्यांचं याच साइजमध्ये करतोय.’ तिनं फोन पालथा ठेवला. आमटी उतू गेली तेव्हा ती तिथंच उभी होती, आणि तिला ते वासावरून कळलं.

नियम खरा होता. नाहूर स्टेशनच्या अलीकडे दर्शनाची जुनी चार मजली इमारत, आणि रस्ता ओलांडला की पलीकडे तीन टॉवर. तिची सगळी गिऱ्हाइकं त्या टॉवरमधली. जूनमध्ये तिथल्या एका वाढदिवसाला कुणा बाईनं घरून केलेले पनीर रोल आले आणि पाच मुलांना सलाइन लावावं लागलं. रोल कुणी केले ते शेवटपर्यंत नीट समजलं नाही. मागवणारीकडे नुसता एक फोन नंबर होता, तो बंद लागत होता. मग टॉवरच्या कमिटीनं परिसराच्या ग्रुपवर नोटीस टाकली : यापुढे घरी केलेलं खाणं विकणाऱ्यांनी अन्न खात्याची नोंदणी दाखवावी, डब्यावर नोंदणी क्रमांक आणि बनवणाऱ्या व्यक्तीचं पूर्ण नाव, पत्ता हवा, गेटवर नोंद होईल, त्याशिवाय डबा वर जाणार नाही. नोटिशीखाली लोकांनी अंगठे टाकले होते. दर्शनानंही टाकला. नियमात चुकीचं काहीच नव्हतं. तिच्या स्वतःच्या मुलीला कुणी बिननावाचा रोल खायला घातला असता तर तिनंही हेच मागितलं असतं, आणि म्हणूनच तिला कुणाशी भांडता येत नव्हतं. चार वर्षं ती त्या टॉवरमध्ये ‘दर्शनाताई’ होती. फोनमध्ये ‘दर्शना पुरणपोळी’ होती. कुणी आडनाव विचारलं नव्हतं. म्हणजे, एकीनं विचारलं होतं.

उत्तराकाकू परब. दुसऱ्या टॉवरच्या अकराव्या मजल्यावर मुलाकडे राहणाऱ्या. लॉकडाउनमध्ये त्यांची स्वयंपाकवाली येईनाशी झाली आणि त्यांच्या सुनेनं ग्रुपवर विचारलं होतं की होळीला पुरणपोळ्या कुणी करून देईल का. दर्शनाच्या हातच्या दहा पोळ्या तिथं गेल्या, आणि त्यानंतर टॉवरमधलं प्रत्येक दार तिला उत्तराकाकूंमुळेच उघडलं. काकूंचं अर्धं आयुष्य लालबागच्या चाळीत गेलेलं, नवरा गिरणीत होता. बोलायला मोकळ्या, चप्पल न घालता लिफ्टपर्यंत सोडायला येणाऱ्या. “आमच्या गावाक गौरीला घावणे नि भाजी-भाकरी गं,” त्या सांगत, “पण मुंबईत आल्यावर सासूनं पुरण सुरू केलं. माझ्या हातून तर लाटलं की फाटतंच. तुझी पोळी बघ, हातावर घेतली की पलीकडचं दिसतं.” एकदा त्यांनी विचारलं होतं, तू मूळची कुठली? फलटणकडची, असं दर्शना म्हणाली. “म्हणजे घाटावरची! तुमच्यात करतातच पुरण छान. आडनाव काय गं तुझं?” त्याच वेळी लिफ्ट आली होती. दार सरकायला लागलं होतं. तिला सांगता आलं असतं. तीन अक्षरांना किती वेळ लागतो? तिनं हसून हात हलवला आणि दार बंद झालं. अकरा मजले उतरेपर्यंत ‘तुमच्यात’ हा एकच शब्द तिच्या कानात होता. काकूंच्या मनात कोण होतं ते तिला माहीत होतं, आणि तिनं त्यांना तसंच समजू दिलं. खोटं ती एकदाही बोलली नव्हती. पण गौरीचा नैवेद्य म्हणून चार वर्षं त्या घरात पोळ्या पोचवताना तिला दरवेळी वाटायचं की आपण काहीतरी लपवून आत नेतोय, आणि कधीतरी कुणीतरी पिशवी उघडायला सांगणार.

अनिरुद्धला हे कधी पटलं नाही. तिचा नवरा पालिकेच्या दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत होता, आणि कुठंही गेला की आधी आडनाव सांगायचा, मग नाव. “ओव्हाळ. अनिरुद्ध ओव्हाळ.” समोरच्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते बघायचं, मग पुढचं बोलणं. “एकदाच काय तो त्रास,” तो म्हणायचा. “मी सुई टोचताना काय म्हणतो? तिकडे बघू नका, झालं. तसंच.” त्याचं बरोबर होतं. पण त्याच्या समोर लोक हात पुढं करून बसायचे कारण त्यांना रिपोर्ट हवा असायचा. पुरणपोळी कुणाला हवीच असते असं नाही. “तुला काय वाटतं, लोक तोंडावर बोलतील?” त्यानं परवाच चहा पिताना विचारलं होतं. “आजच्या दिवसात? नाहूरला?” “तोंडावर बोलले तर बरं रे,” दर्शना म्हणाली. “बोलत नाहीत. तीच तर भीती आहे.” त्यानं मान हलवून कप उचलून ठेवला. पण आपण काय म्हणालो ते त्याला समजलं की नाही, याची तिला खात्री वाटली नाही, कारण शकुच्या घरची गोष्ट तिनं त्याला कधी सांगितलीच नव्हती. वीस वर्षांच्या संसारात एकदाही नाही.

ती नऊ वर्षांची होती. घाटकोपरला डोंगराच्या उतारावर त्यांचं घर. वडील धोंडिराम रेल्वेत गँगमन, आई सुंदराबाई एका शाळेत आया. सुंदराबाईच्या हाताला चव होती आणि हौसही होती. त्या दिवाळीला तिनं करंज्या केल्या, पांढऱ्या, फुगलेल्या, कडेला नखाएवढ्या चुण्या. वीस करंज्या पितळी डब्यात भरून ती म्हणाली, जा, तुझ्या त्या मैत्रिणीकडे देऊन ये. शकु खाली रस्त्यालगतच्या बिल्डिंगमध्ये राहायची, तिसऱ्या मजल्यावर. शकुच्या आईनं डबा हसत हसत घेतला. “अगंबाई, किती सुरेख! आईनं केल्या?” दर्शनाला बसायला पाट दिला, पाणी दिलं, गालाला हात लावला. आत जाऊन तिनं डबा रिकामा केला, धुतला, पुसला, आणि रिकामा देऊ नये म्हणून त्यात मूठभर साखर घालून परत दिला. दर्शना उड्या मारत जिना उतरली. वरून कुणीतरी हाक मारल्यासारखं तिला वाटलं म्हणून ती पुन्हा वर गेली, पण हाक शकुची नव्हती, शेजारच्या घरातली होती. शकुचं दार बंद झालेलं होतं. दाराबाहेर कचऱ्याची बादली होती. बादलीत भाजीच्या देठांवर करंज्या होत्या, सगळ्या, एकही न मोडता. तिनं त्या मोजल्या नाहीत, पण डब्याच्या आत त्या जशा रचल्या होत्या तशाच एकावर एक पडल्या होत्या, म्हणजे डबा नुसता उपडा केला होता. घरी आईनं विचारलं, काय म्हणाल्या गं? “खूप आवडल्या म्हणाल्या,” दर्शना म्हणाली, आणि सुंदराबाईनं ती साखर चहात घातली. पुढच्या दिवाळीला आईनं पुन्हा डबा भरला. दर्शनानं तो शाळेच्या मागच्या टेकडीवर बसून एकटीनं खाल्ला, पोट दुखेपर्यंत, आणि धुऊन परत आणला. आई गेली तेव्हाही तिला हे माहीत नव्हतं. दर्शनाला माणसांच्या शिव्यांची भीती अशी कधी वाटली नाही. तिला भीती वाटायची ती हसऱ्या चेहऱ्याची, “किती सुरेख” या शब्दांची, धुऊन पुसून दिलेल्या भांड्याची. टॉवरमधलं कुणी पोळीचं कौतुक करू लागलं की तिच्या मानेवर थंड हात ठेवल्यासारखं व्हायचं आणि नजर आपोआप दाराबाहेरच्या बादलीकडे जायची.

नोंदणी करायची म्हणजे फॉर्म भरायचे. भांडुपच्या बाजूला रस्त्यावर श्वेता घाडी नावाच्या मुलीचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान होतं. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि भिंतीला टेकून पाच खुर्च्या. अन्न खात्याची नोंदणी सोपी निघाली. फोटो, आधार, विजेचं बिल. बिल सासऱ्यांच्या नावावर म्हणून त्यांचं संमतीपत्र, दर्शनाच्या इमारतीच्या सेक्रेटरीचं ना हरकत पत्र, स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या तपासणीचा कागद. “फर्मचं नाव टाकता येईल का, नुसतं?” दर्शनानं हळूच विचारलं होतं. “फर्म टाकू की, ताई. पण सर्टिफिकेट माणसाच्याच नावावर निघणार. तुम्ही एकट्याच मालक ना?” मालक हा शब्द ऐकून तिला हसू आलं होतं, आणि क्षणभर बरंही वाटलं होतं. मग श्वेता म्हणाली, “लागलीच लघुउद्योगाचं, ते उद्यमचं पण करून टाकू, फुकट आहे, पुढं बँकेला लागतं.” तिनं पटापट रकाने भरले, आणि स्क्रीनवरची नजर न काढता, दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “कॅटेगरी? जनरल, एससी, एसटी, ओबीसी?” मागच्या खुर्च्यांवर तीन माणसं होती. त्यांतल्या एकीला दर्शना ओळखत होती. पहिल्या टॉवरमधली, दर सणाला पंचवीस पोळ्या नेणारी, आधारवरचा पत्ता बदलायला आलेली. ती फोनमध्ये बघत होती. श्वेतानं मान वळवली. “ताई? काय टाकू?” “जनरल,” दर्शना म्हणाली. श्वेताची नजर एकदा फॉर्मच्या वरच्या ओळीवर गेली, जिथं आडनाव होतं, आणि मग तिनं बटण दाबलं.

तो कागद तिनं घरी फाइलमध्ये सगळ्यात खाली ठेवला. अनिरुद्धला दुसऱ्याच कशासाठी तरी फाइल लागली आणि त्यानं तो पाहिला. तो ओरडला असता तर तिनं उलट चार शब्द सुनावले असते. त्यानं कागद वाचला, पुन्हा नीट जागेवर ठेवला, फाइलची दोरी बांधली आणि विचारलं, “दुकानात कोण होतं?” एवढंच. तिनं सांगितलं. तो बराच वेळ बेसिनपाशी हात धूत उभा राहिला, दवाखान्यातून आल्यावर धुवायचा तसे, कोपरापर्यंत. त्या पाठमोऱ्या माणसाकडे बघताना तिला पहिल्यांदा वाटलं की त्यालाही दरवेळी भीती वाटतच असेल; आडनाव आधी सांगायची सवय उगाच लागली नसेल. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच ती श्वेताच्या शटरपाशी जाऊन उभी राहिली. “कॅटेगरी चुकलीय,” ती म्हणाली. “एससी करायचंय. खोटं गेलंय सरकारकडे, मला झोप लागली नाही.” “त्यात काय एवढं, बदलता येतं,” श्वेता म्हणाली, आणि बदललं. नवीन कागद प्रिंटरमधून येत असताना ती खुर्ची पुढं ओढून हळू आवाजात म्हणाली, “ताई, राग मानू नका. फूडचं लायसन पाहिजे तर माझ्या नावावर काढू या. लेबलावर घाडी आलं तर कुणी दोनदा वाचणार नाही. धंदा तुमचाच. पुष्कळ जणी करतात असं.” तिच्या बोलण्यात हिशेब नव्हता, काळजी होती, आणि त्यामुळेच दर्शनाला ते सहन झालं नाही. म्हणजे हिला पहिल्या दिवशीच कळलं होतं. म्हणजे कळतंच. “विचार करून सांगते,” ती म्हणाली. आणि खरोखरच तिनं विचार केला. चार दिवस केला. पोळी लाटताना, भाजी आणताना, भांडी घासताना तिनं त्या लेबलावर ‘श्वेता घाडी’ लिहून पाहिलं. किती साधं दिसत होतं. कुणाला काही कळलं नसतं. फक्त पोळीला कधी केस निघाला, कधी पुरण आंबलं, तर श्वेताला पकडून नेलं असतं. आणि पोळी चांगली झाली, तर ती श्वेताची झाली असती. यातलं दुसरं तिला जास्त बोचलं. त्याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

आता आमटी पुसून काढून झाल्यावर तिनं पालथा फोन सुलटा केला. छपाईवाल्याचे आणखी दोन मेसेज होते. गौरी आठ दिवसांवर होत्या. उत्तराकाकूंची साठ पोळ्यांची ऑर्डर कधीचीच आली होती. यंदा काकूंची मोठी जाऊ कुडाळहून येणार होती, म्हणून नेहमीपेक्षा वीस जास्त. दर्शनानं ‘ओके’ लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, आणि डोळे मिटून पाठवलं.

गौरीपूजनाच्या दिवशी सकाळी दहा वाजता सहा डबे दोन कापडी पिशव्यांत घेऊन तिनं रस्ता ओलांडला. प्रत्येक झाकणावर लेबल होतं. पिशव्यांची तोंडं तिनं घट्ट दुमडून धरली होती. दुसऱ्या टॉवरच्या गेटच्या आत, लॉबीत, पन्नाशीचा सिक्युरिटीवाला रजिस्टर घेऊन बसला होता. लिफ्टसाठी जरीच्या साड्यांतल्या दोन बायका आणि एक जाडसर गृहस्थ उभे होते, हातात पूजेचं सामान. “डबा दाखवा, ताई,” तो म्हणाला. तिनं एक काढून दिला. त्यानं बोट ठेवून वाचायला सुरुवात केली, लहान मुलं वाचतात तसं मोठ्यानं, एकेक शब्द तोडून : “दर्शना. अनिरुद्ध. ओव्हाळ.” दर्शनाला लॉबीतले सगळे आवाज थांबल्यासारखे वाटले. त्यानं मान वर केली. त्याचा चेहरा बदलला होता. त्यावर आपलं माणूस भेटल्याचा आनंद होता. “जय भीम, ताई,” तो म्हणाला, फार मोठ्यानं नाही, पण त्या तिघांना ऐकू जाईल इतपत. जन्मापासून या दोन शब्दांना तिनं उत्तर दिलं होतं. घरात, वस्तीत, मयतीला, बारशाला, विचार न करता, श्वास घेतल्यासारखं. तिनं पेन घेतलं, सही केली, डबा पिशवीत सरकवला आणि म्हणाली, “लिफ्ट आली वाटतं.” लिफ्ट आली नव्हती. ती बंद दारासमोर, त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. मागं त्यानं रजिस्टर मिटल्याचा आवाज आला. लिफ्टमध्ये त्या दोघी तिच्याकडे बघून हसल्या आणि एकजण म्हणाली, “पुरणाचा काय सुरेख वास येतोय!” दर्शनानं पिशव्या छातीशी धरल्या. तिला त्या माणसाचा चेहरा दिसत होता. आपण त्याला काय केलं ते तिला समजत होतं. बादली आता तिच्या स्वतःच्या दाराबाहेर होती.

अकराव्या मजल्यावर उंबऱ्यापासून आतपर्यंत गौरीची पावलं काढलेली होती. हळदीच्या पानांचा, धुपाचा वास बाहेरपर्यंत येत होता. उत्तराकाकूंनी दार उघडलं, नवीन हिरवी साडी, कपाळावर घाम. “आलीस बाई! वाटच बघत होते.” त्यांनी वरचा डबा हातात घेतला, आणि लेबल बघून डोक्यावरचा चष्मा खाली ओढला. त्यांचे ओठ हलले. शेवटच्या शब्दावर ते थांबले. नंतर त्यांनी दर्शनाकडे पाहिलं, आणि दर्शनानं त्यांच्या चेहऱ्यावर हसू यायची वाट पाहिली, ते भयंकर हसू. ते आलं नाही. काकू गोंधळलेल्या दिसत होत्या.

“कधी बोलली नाहीस गं.”

“एकदा विचारलं होतंत. तेव्हा लिफ्ट आली,” दर्शना म्हणाली. मग तिला ते पुरेसं वाटलं नाही. “मी सांगितलं नाही, काकू.”

काकूंनी मागं वळून पाहिलं आणि दार अर्धं ओढून घेतलं. “हे बघ, माझ्या मनात काही नाही. आमचे हे गिरणीत सगळ्यांबरोबर जेवायचे. पण वनमाला आलीय, माझी जाऊ. ती सगळ्यात मोठी, सगळं बघते. नैवेद्याचं आहे ना. तू एक कर,” त्या आणखी पुढं झुकल्या, “एवढं लेबल काढ. पोळ्या राहू देत. पोळ्या त्याच ना?”

दर्शनानं डबा परत हातात घेतला. लेबलाचा कोपरा नखानं उचलला. तो सहज सुटला. छपाईवाल्यानं चिकट कमी लावलं होतं. ‘नाहूर’ सुटलं, मुंबईचा पिन कोड सुटला. हे इतकं सोपं आहे, तिला वाटलं, एका मिनिटाचं काम आहे, आणि दिवाळी आहे पुढं, संक्रांत आहे. मग तिचं नख आडनावापाशी आलं आणि तिथं थांबलं. तिनं अंगठ्यानं कागद पुन्हा दाबून बसवला. “काढून देता येत नाही, काकू. कायदा आहे.” आवाज इतका बारीक निघाला की काकूंनी “काय?” असं विचारलं.

“लेबलाशिवाय विकता येत नाही. माझं लायसन आहे ना.”

“अगं, इथं कोण बघतंय?”

“चालणार नसेल तर परत नेते.”

“परत? मी आता साठ पोळ्या कुठून आणू?” काकूंनी डब्याची दुसरी कड धरली. दोघींचे हात एकाच डब्यावर होते.

“कोण इला गे?” आतून आवाज आला, जाड, हुकमी. “पोळ्यो इल्यो काय?”

“हो, आल्या,” काकू म्हणाल्या.

“खंयसून मागयलंस?”

उत्तराकाकूंचं तोंड उघडलं. दर्शना त्यांच्याकडे बघत राहिली. बहात्तर वर्षांची बाई, पोराच्या घरात, जावेच्या धाकात, तोंडात काहीतरी जुळवत होती. हा चेहरा दर्शनाला चांगला माहीत होता, तो तिला आतून माहीत होता. “इथल्याच आहेत,” काकू म्हणाल्या, “बाजूच्या, त्या आपल्या…”

“दर्शना ओव्हाळ,” दर्शना म्हणाली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज पुष्कळ मोठा निघाला. तो काकूंच्या खांद्यावरून आत गेला, बैठकीच्या खोलीतून पार गौरीपर्यंत गेला असणार. “मी दर्शना ओव्हाळ. रस्त्यापलीकडे राहते. पोळ्या मी केल्यात.”

आत कुणीतरी बोलत होतं ते थांबलं. काठीचा टकटक आवाज जवळ आला आणि वनमालाबाई दारात उभ्या राहिल्या, उंच, रुंद, नाकात मोठी नथ. त्यांनी दर्शनाला पायापासून वरपर्यंत पाहिलं. डब्यावरचं लेबल पाहिलं; वाचता येत होतं की नाही कोण जाणे, पण पाहिलं. त्यांनी उत्तराकाकूंच्या हातातून डबा घेतला, झाकण उघडलं, वरची पोळी दोन बोटांत धरून उजेडाकडे उचलली. त्या चेहऱ्यावर राग नव्हता, हसूही नव्हतं, काहीच नव्हतं. पोळी डब्यात ठेवून त्या वळल्या आणि काठी टेकत आत गेल्या. काकू दोन्ही पिशव्या उचलून त्यांच्यामागं गेल्या. दार उघडंच राहिलं.

दर्शनानं निघून जायला हवं होतं. पण पाय हलेनात. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं. नुसती आरास दिसत होती, दिव्यांची माळ, आणि एका मुखवट्याची कड. भांडं सरकल्याचा आवाज आला. कुणी कुजबुजलं. मग बराच वेळ काही नाही, इतका वेळ की तिनं मनात डबे परत घ्यायची तयारी केली, ते कसे धरायचे, काय म्हणायचं, की काहीच म्हणायचं नाही.

मग वनमालाबाईंचा तोच जाड आवाज आला, “उत्तरा, तूप घेवन ये गे.”

तूप देवीपुढच्या पानावर वाढायला की नुसतं पाहुण्यांच्या ताटात, ते दर्शनाला कळलं नाही, आणि आत डोकावून विचारण्याइतकं बळ तिच्यात उरलं नव्हतं. लिफ्टची वाट न बघता ती जिन्यानं उतरायला लागली. नवव्या मजल्यावर ती पायरीवर बसली. जिन्यात कुणी नव्हतं. कठड्याला धरून ती थोडा वेळ तशीच बसली. आपण किती मोठ्यानं बोललो ते आठवून तिला पुन्हा धडकी भरली. मग ती उठली आणि उरलेले मजले उतरून गेली.